बॉयलर पेटण्याआधी प्रोसिजरचे कागदही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम तोंडावर आला की कारखान्यात बॉयलर, गव्हाण, वजनकाटा सगळ्यांची तपासणी होते. उसाचं बिल काढणाऱ्या स्टोअर्ड प्रोसिजरचं (म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं) डॉक्युमेंटेशन, म्हणजे तो कसा वापरायचा हे सांगणारे कागद, मात्र कुणी उघडूनही बघत नाही. गेली 16 वर्षं मी कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सांगलीतल्या एका फर्ममध्ये डेटाबेसचं काम करते, म्हणून हे लिहिते आहे.

मागच्या हंगामात वाळवा तालुक्यातले एक शेतकरी वजनाच्या दोन पावत्या घेऊन शेती ऑफिसात आले. दोन्ही 15 तारखेच्या. त्या खेपा पंधरवड्याच्या बिलात नव्हत्या आणि पुढच्यातही येणार नव्हत्या, कारण ते बिल 16 पासून धरतात. आमच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: 'पासून-पर्यंत, दोन्ही तारखा धरून'. प्रोसिजरमध्ये होतं 'बिटवीन', म्हणजे दोन तारखांच्या दरम्यानच्या नोंदी उचलणारी अट, आणि काट्यावरची नोंद पडते वेळेसकट. नुसती 15 तारीख दिली की एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे आमचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर, ती रात्री बाराची, म्हणजे दिवस सुरू होतानाची, समजतो. त्यानंतर दिवसभरात काट्यावर चढलेली एकूण एक गाडी बिलाबाहेर. त्या पंधरवड्याची सगळ्यांची बिलं पुन्हा काढावी लागली.

ही गोष्ट आमच्या जुन्या सरांना ठाऊक होती. त्यांनी फाइलमध्ये पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलं होतं, 'पर्यंतची तारीख एक दिवस वाढवून द्यावी'. मी स्वतः वाचलेलं आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात मारुती चौकाजवळचं आमचं ऑफिस बुडालं, तेव्हा ती फाइल चिखलात गेली. नवी प्रत छापली ती संगणकातल्या मूळ मजकुरावरून. बिलाच्या टेबलावरचे क्लार्क सवयीनं 16 तारीख टाकायचे. ते निवृत्त झाले, आणि नव्या मुलानं कागदावर लिहिलंय तसं केलं. त्याला बोल लावायचा कसा?

आता आम्ही दोघी समोरासमोर बसतो. एक कागद वाचते, दुसरी प्रत्यक्ष कोड. पहिल्याच आठवड्यात असे दोन पॅरामीटर (प्रोसिजरला बाहेरून द्यायच्या किमती) सापडले, जे कागदावर आहेत पण प्रोसिजरमधून केव्हाच काढून टाकलेत. 'बिटवीन' काढून '16 तारखेच्या आत' अशी अट घातली. दुरुस्तीची टीप, तारीख आणि आद्याक्षरं प्रोसिजरच्याच माथ्यावर लिहितो. ती टीप डेटाबेसमध्ये राहते, बॅकअपसोबत जाते, पुरात वाहून जात नाही.

संचालक मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. करारात या तपासणीचे दिवस आणि पैसे वेगळे धरा. प्रोसिजर एन्क्रिप्ट करून कुलूपबंद देणाऱ्या पुरवठादाराकडून मूळ मजकूर मागून घ्या. आणि हे काम बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी उरकून घ्या. एकदा मोळी पडून गाळप सुरू झालं की आमचा फोन फक्त बिल अडलं म्हणून वाजतो.

— एक डेटाबेस प्रोग्रॅमर, विश्रामबाग, सांगली