लाल रंगाचे पाच तुकडे

इचलकरंजी,
शुक्रवार, रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा मेसेज सुमीच्या फोनवर आला, माझ्या नाही. कळायचं ते कळलं.

बंड्याच्या लग्नात स्टेजवर, सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "फोटोपुरता तरी तो गॉगल काढ." तू काढलास. त्या दिव्यांच्या झोतात तुझ्या डोळ्यांना धार लागली आणि ताईआत्या म्हणाली, "अगं, डोळे वटारून काय बघतेस?" ती चेष्टेत बोलली. पण तिला तशी संधी मी दिली. चुकलं माझं. हे स्टँडवर सांगणार होतो, पण तू पहाटेच्या गाडीने न उठवताच गेलीस.

आणखी एक विचारायचं होतं. लाल रंग लाल दिसतो ना?

मागच्या खेपेला डॉक्टरांनी तुझ्या ग्रेव्हजचं, म्हणजे थायरॉइडबरोबर डोळेही धरणाऱ्या या आजाराचं, कागदावर चित्र काढून दाखवलं, ते मी खिशातून घरी आणलंय. हाडाची खोबण. बुबुळामागचे स्नायू सुजतात, चरबी वाढते, मागे जायला जागा नसते, म्हणून डोळा पुढे येतो. पापणी वर ओढली जाते, म्हणून पांढरं जास्त दिसतं. इथवर मला घोर नाही. पण त्याच खोबणीतून नजरेची नस मेंदूकडे जाते, आणि सूज तिच्यावर दाबली तर आधी रंग विटतात. लाल आधी. तसं वाटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, असं ते दोनदा म्हणाले. तू तेव्हा फोनमध्ये बघत होतीस.

म्हणून पाकिटात कापडाचे पाच तुकडे घातलेत. कुंकवाचा लाल, डाळिंबी, मरून, गाजरी आणि आणखी एक. मागे आकडे घातलेत. आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, एक डोळा झाकून बघ, मग दुसरा. दोन्हीकडे सारखाच रंग दिसला की झालं. हसशील, पण चौतीस वर्षं साड्या विकल्यावर बापाला दुसरं काय सुचणार?

दुसरीत होतीस, सुट्टीत दुकानात गादीवर येऊन बसायचीस. एकदा एका बाईंना तू म्हणालीस, "हा लाल तुम्हाला नको, हा दुपारचा लाल आहे, तुम्हाला संध्याकाळचा पाहिजे." मालकांनी गल्ल्यातून तुला पाच रुपये दिले. त्या बाईंनी संध्याकाळचाच लाल नेला. आई ते शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची.

असो. लग्नाच्या आदल्या रात्री पाणी प्यायला उठलो, तेव्हा तू झोपली होतीस. डोळे पूर्ण मिटले नव्हते. तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली होती. मी बराच वेळ उभा होतो. मलम घालून झोपतेस ना? पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेव, सकाळी सूज कमी वाटेल. आणि दोन-दोन दिसतं त्या दिवसात स्कूटीला हात लावू नकोस. चष्म्याला प्रिझम बसवून दिलाय ना, मग तो पर्समध्ये का असतो? वर्गात लाव, बँकेत लाव, चारचौघांत... झालं माझं प्रवचन सुरू. सोडून दे.

सुमी विचारते, थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच नॉर्मल आला, मग डोळे का बसत नाहीत? मी तिला सांगितलं, गळ्यातल्या थायरॉइडचं वेगळं, डोळ्याचं वेगळं. हा दाह दीड-दोन वर्षं धुमसतो आणि मग निवतो. पाच-सहा महिने स्थिर राहिला की ऑपरेशनचं बघायचं, आधी खोबण, मग तिरळेपणा, शेवटी पापण्या. बघ, पाठ झालंय. ताईआत्याला मी हेही सांगितलं की अमेरिकेच्या बुशबाईंना १९८९ साली हाच ग्रेव्हज निघाला आणि दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष असलेल्या नवऱ्यालाही. तर ती म्हणते, "म्हणजे लागण होते?" मनात म्हटलं, धन्य आहेस. लागण होत नाही, हे तिला तीनदा सांगितलं.

डॉक्टरांनी धुराचं सांगितलं, तेव्हा तू मुद्दाम माझ्याकडे बघितलं नाहीस. मला ते कळलं होतं. विडी सोडून चार महिने झाले. अंगणातसुद्धा नाही. तुझ्या लहानपणी त्या दीड खोलीत मी किती धूर केला, हे मनातून जात नाही. त्यानेच झालं असं कुणी म्हणत नाही, पण मी म्हणतो.

तुझ्या शाळेतल्या बाई लग्नात भेटल्या. म्हणाल्या, पहिल्याच दिवशी तू फळ्यावर डोळ्याचं चित्र काढून पोरांना सांगितलंस, "मी रागावलेली नाही, माझे डोळे आजारी आहेत." आता पोरंच एकमेकांना विचारतात, बाई आज खरंच रागावल्यात की नुसते डोळे? मला हे तू सांगितलं नाहीस. मी मांडवातल्या चौघांना तरी सांगितलं.

लग्नाचा फोटो आला तर मला पाठवू नका, असं बंड्याला सांगून ठेवलंय. तुला हवा असेल तर तू माग.

तुकडे मिळाले की कळव. आणि लाल कसा दिसतो तेही.

तुझे,
आप्पा

ता. क. पाचवा तुकडा लाल नाही, राणी आहे. तू ओळखतेस का बघायचं होतं, पण उत्तर येईपर्यंत मला दम निघणार नाही, म्हणून सांगून टाकलं.