शिक्षा झाल्यावर सरकारी वकिलाचे कर्तव्य संपते का?

नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या दरोडा, खून व बलात्कार खटल्यात सहा जणांना फाशी ठोठावली गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. कारण भयंकर होते. जखमी प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून भलत्याच चौघांचे फोटो ओळखले होते, पण त्यांचा तपासच झाला नाही.

अशा ओळखीची नोंद असलेला कागद दडून राहतो, कारण आरोपपत्रासोबत फक्त पोलिसांना सोयीचे कागद येतात. यावर उपाय सांगितलेला आहे. पोलिसांनी ज्यांचा आधार घेतला नाही, असे जबाब, दस्तऐवज व वस्तू यांचीही यादी आरोपीला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांच्या नमुना नियमांत घातले आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावले. सरकारी वकिलाने आरोपनिश्चितीपूर्वी, म्हणजे न्यायालय आरोप ठरवण्याआधी, ही यादी तपास अधिकाऱ्याकडून मागून घ्यावी. यादीच नसेल तर बचाव पक्षाने नेमके काय मागायचे?

वकिलांच्या वर्तनाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिलचे नियमही निर्दोषत्व दाखवणारा पुरावा दडवू नये असे सांगतात. पण शिक्षेनंतर असा पुरावा हाती आला तर काय करायचे, याचा शब्दही त्यात नाही. अमेरिकन बार असोसिएशनने २००८ मध्ये असा पुरावा न्यायालयाला किंवा योग्य अधिकाऱ्याला तातडीने कळवण्याचे सरकारी वकिलावरील बंधन आपल्या आदर्श नियमांत घातले. तसेच बंधन सरकारी वकिलांवर देखरेख करणाऱ्या आपल्या अभियोग संचालनालयाने लेखी परिपत्रक काढून घालावे.

— एक वाचक, नाशिक