भुसावळचे ऊन आणि आपला तपासणी अहवाल

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
वॉरंटी विभाग, पुणे सेवा केंद्र

विषय : ‘अति उष्ण हवामान’ असे कारण देऊन ग्राफिक्स कार्डची वॉरंटी नाकारल्याबाबत तक्रार

महोदय / महोदया,

माझ्या ग्राफिक्स कार्डबद्दल आपल्या सेवा केंद्राने मला दोन अहवाल दिले आहेत. पहिला मार्चच्या सुरुवातीचा : ‘कार्डमध्ये दोष आढळला नाही.’ दुसरा आता मे महिन्यातला : ‘ग्राहकाच्या ठिकाणच्या अति उष्ण हवामानामुळे कार्डचे नुकसान. वॉरंटी लागू नाही.’ पहिला अहवाल खरा मानला, तर मार्चपर्यंत कार्ड धडधाकट होते. त्यानंतर ते माझ्याकडे आले आणि मार्च संपण्याआधीच परत आपल्याकडे रवाना झाले. एप्रिल आणि मे त्याने आपल्याच केंद्रात काढले. दसऱ्याला घेतलेल्या या कार्डने भुसावळचा मे महिना अजून पाहिलेला नाही. मग ते इथल्या उन्हाने कसे जळाले, एवढे मला लेखी कळवावे.

कार्ड जळगावच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतले आहे. वॉरंटी 3 वर्षांची आहे. बिलाची प्रत दोन्ही वेळा कार्डसोबत दिली होती, तरी पुन्हा जोडत आहे.

तक्रारीची सुरुवात जानेवारीत झाली. गेम चालू असताना पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि परत यायचा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक वेळी 4101 क्रमांकाची नोंद पडलेली असे, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरने (विंडोजमधून कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रतिसाद देणे थांबवले आणि विंडोजने त्याला पुन्हा उभे केले. विंडोज ग्राफिक्स कार्डच्या उत्तराची साधारण 2 सेकंद वाट पाहते आणि मग ड्रायव्हर नव्याने सुरू करते. तोवर ड्रायव्हरवर संशय घेणे रास्त होते. म्हणून सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर काढण्याच्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर मुळापासून काढला, नवा टाकला, मग त्याच्या आधीचाही टाकून पाहिला. वेगळ्या एसएसडीवर कोरी विंडोज टाकली. फरक शून्य. उलट आता पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोनी ठिपके दिसू लागले आणि गेममधल्या भिंतींचे त्रिकोण ताणून आडवेतिडवे पसरू लागले.

पुढे एका सकाळी हेच ठिपके बायोसच्या स्क्रीनवर, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधी येणाऱ्या स्क्रीनवर दिसले. आपल्या तंत्रज्ञांनी इथे जरा थांबावे. बायोसच्या वेळी विंडोज नसते, ड्रायव्हर नसतो, गेम तर नसतोच. मशीन रात्रभर बंद होते, जानेवारीचा गारठा होता, कार्ड हाताला गार लागत होते. तिथे ठिपके दिसले म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नाही आणि त्या क्षणी उष्णतेचाही नाही. त्या स्क्रीनचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ मी पहिल्याच तक्रारीसोबत पाठवला होता. तो कोणी उघडून पाहिला का, याची मला शंका आहे.

तरीही दोष कार्डचाच आहे हे ठरवण्याआधी बाकीचे सगळे भाग एकेक करून बाजूला काढले. मॉनिटर बदलून घरचा टीव्ही लावला. एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट वापरले. रॅमच्या पट्ट्या एकेक लावून रात्रभर मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला, एकही चूक निघाली नाही. कार्डचे सोनेरी पट्टीचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ते पुन्हा नीट बसवले. पॉवर सप्लाय 650 वॅटचा आहे आणि कार्डच्या दोन्ही 8 पिन जोडण्यांना स्वतंत्र केबल दिली आहे, एकाच केबलला फुटलेली दोन टोके नाहीत. लोड असताना मल्टीमीटर लावला, तर 12 व्होल्टच्या लाइनवर 11.9 च्या खाली काटा गेला नाही. एटीएक्सच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायच्या मानकात 5 टक्के फरक चालतो, म्हणजे 11.4 पर्यंत मुभा आहे. आपल्या फोनवरच्या प्रतिनिधींनी ‘तुमच्याकडे व्होल्टेज वरखाली होत असेल’ असे सुचवले होते, म्हणून हा आकडा मुद्दाम लिहिला. मशीन ऑनलाइन यूपीएसवर आहे, म्हणजे बाहेरचे व्होल्टेज वरखाली झाले तरी मशीनला स्थिर वीज मिळते.

शेवटी अदलाबदल केली. मित्राचे कार्ड माझ्या मशीनमध्ये लावले : आठवडाभर कितीही खेळा, ठिपका नाही. माझे कार्ड त्याच्या मशीनमध्ये लावले : पहिल्याच संध्याकाळी तेच ठिपके, तोच काळा पडदा, पंखे पूर्ण वेगाने सुटले आणि सिग्नल गेला. कार्ड काढून प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर माझे मशीन आजही विनातक्रार चालते आहे. यापुढे संशयाला जागा कुठे उरते?

आफ्टरबर्नर या कार्डचा वेग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरीचा वेग 500 मेगाहर्ट्झने उतरवला की ठिपके बरेच कमी होतात, हेही लिहून ठेवतो. त्यावरून माझा संशय मेमरीच्या एखाद्या चिपवर किंवा तिच्या खालच्या सोल्डरवर आहे. पण निदान करणे हे आपले काम. मी कार्ड उघडलेले नाही आणि स्क्रूवरचे सील शाबूत आहे, हे आपल्याच दोन्ही अहवालांत नोंदले आहे. सोल्डर पुन्हा जुळावे म्हणून असे कार्ड ओव्हनमध्ये घालण्याचा उपाय इंटरनेटवर सर्रास सापडतो. भरताची वांगी भाजणाऱ्या मुलखातला असूनही मी तो केला नाही.

आता उष्णतेच्या मुद्द्याकडे येतो, कारण वॉरंटी आपण त्यावरच नाकारली आहे. मी दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करतो. थर्मोकपल आणि आरटीडी हे तापमान मोजणारे सेन्सर तपासणे, कॅलिब्रेशन करणे, आकडा खोटा बोलतो की खरा ते पाहणे, हाच माझा रोजचा धंदा आहे. त्यामुळे ‘अति उष्ण’ असा मोघम शब्द वाचला की पहिला प्रश्न पडतो : किती अंश, कुठे मोजले, कशाने मोजले? आपल्या अहवालात एकही आकडा नाही.

माझ्याकडे आहेत. जानेवारीत खोलीत 22 अंश असताना एचडब्ल्यूइन्फो या तापमान नोंदवणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल सोबत जोडली आहे. पूर्ण लोडवर चिपचे सरासरी तापमान 70 अंश आणि त्याच वेळी हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू, 106 अंश. मधले अंतर 36 अंशांचे. चांगल्या कार्डात हे अंतर साधारण 10 ते 20 अंश असते. खोली तापली की दोन्ही आकडे बरोबरच वर चढतात. त्यांच्यातले अंतर खोली ठरवत नाही. ते ठरते चिपमधून किती वीज जाते आणि चिपवर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) किती सपाट, किती घट्ट बसला आहे यावर. चिप आणि हीटसिंकमधली उष्णतावाहक पेस्ट एका कोपऱ्यात कमी पडली किंवा हीटसिंक तिरका दाबला गेला, तर असे अंतर दिसते. ते काम आपल्या कारखान्यात झाले आहे, भुसावळात नाही.

उन्हाचेही सांगतो. खान्देशात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, ही काही गुपित गोष्ट नाही. तरी आपली कंपनी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दुकानांत माल ठेवते, सणाला जाहिरात करते. विकताना हे हवामान आड येत नाही आणि दुरुस्तीच्या वेळी येते, हा कोणता न्याय? प्रतिनिधींनी मला ‘खोलीत एसी आहे का?’ असे विचारले. वॉरंटीपत्रावर एसीची अट कोठे छापली आहे, ते दाखवावे. मी ते बारीक टायपासह शेवटपर्यंत वाचले आहे. हवामानाबद्दल त्यात पूर आणि वीज कोसळणे एवढेच आहे.

पहिल्या अहवालाबद्दलही बोलणे भाग आहे. ‘दोष आढळला नाही’ हा निष्कर्ष कोणत्या चाचणीनंतर काढला? डेस्कटॉप उघडून एखादा व्हिडिओ चालवला असेल, तर त्यात कार्डला घामच फुटत नाही. थ्रीडी लोड किती वेळ दिला, मेमरीची चाचणी केली का, तेव्हा हॉटस्पॉट किती होता, हे काहीच लिहिलेले नाही. आता दुरुस्तीचे शुल्क मागितले आहे, किंवा त्याऐवजी नव्या कार्डावर ‘खास सवलत’ देऊ केली आहे. सवलत मला नको.

माझी मागणी अशी आहे. याच कार्डच्या तोडीचे नवे कार्ड द्यावे, ते उपलब्ध नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. दोन्ही वेळचा कुरिअरचा खर्च द्यावा, पावत्या जोडल्या आहेत. आणि दोन्ही तपासण्यांचा तपशील, म्हणजे चाचणीचे नाव, कालावधी आणि मोजलेली तापमाने, तंत्रज्ञाच्या सहीने पाठवावा. तोवर कार्डावर कोणतीही दुरुस्ती करू नये, हीटसिंक काढू नये आणि पेस्ट बदलू नये, कारण पुरावा तोच आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी मला पुण्याला खेटे घालायची गरज नाही. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असल्याने शुल्कही पडत नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तशी वेळ आली तर मी तीच विनंती करणार आहे.

माझी ड्यूटी शिफ्टची असते आणि कंट्रोल रूमबाहेर फोन ऐकू येत नाही. म्हणून फोन न करता ईमेलवरच उत्तर द्यावे.

आपला,
एक ग्राहक, भुसावळ (जि. जळगाव)

सोबत : बिल आणि वॉरंटीपत्राची प्रत, दोन्ही तपासणी अहवाल, तापमानाच्या नोंदींची फाइल, बायोस स्क्रीनचा आणि मित्राच्या मशीनवरचा व्हिडिओ, कुरिअरच्या पावत्या.