हिरा अंगठीपुरताच नाही

प्रयोगशाळेतला हिरा म्हटले की चर्चा अंगठीच्या भावापाशीच अडते. सांगली-साताऱ्याच्या एम.एस्सी.च्या मुलांना हिऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येही संशोधनाची वाट आहे, हे कुणी सांगत नाही. हिऱ्याचा बँडगॅप (बांधलेल्या इलेक्ट्रॉनला वाहता करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सिलिकॉनचा १.१, उष्णता तर तो तांब्याच्या पाचपट वाहून नेतो.

निर्वात पात्रात वायूतून हिऱ्याचा थर वाढवायचे काम मात्र किचकट. हायड्रोजनमध्ये १ ते ५ टक्के मिथेन, मायक्रोवेव्हने पेटवलेला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू), तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास. मिथेन वाढवला की थर भराभर चढतो, पण त्यात ग्रॅफाइट शिरते. मग रामन वर्णपटात, म्हणजे नमुन्यावरून विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या आलेखात, हिऱ्याची १३३२ची (प्रति सेंटिमीटर) टोकदार रेघ खचते आणि १५०० ते १५५०च्या दरम्यान फुगवटा येतो. पात्राची बारीकशी गळतीही नडते: हवेतला नायट्रोजन शिरून स्फटिक पिवळट पडतो. खरी गोची डोपिंगची, म्हणजे वीज वाहावी म्हणून मुद्दाम परके अणू मिसळण्याची. बोरॉन निभावून नेतो. फॉस्फरस खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉन जवळजवळ सोडतच नाही.

म्हणून या वाटेला जाणाऱ्याने आधी व्हॅक्यूम पंप आणि हेलियमने गळती शोधणे शिकावे. समीकरणे मागाहूनही होतात. २०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांच्या संशोधनासाठी एका आयआयटीला पाच वर्षांचे अनुदान जाहीर झाले. आपल्या महाविद्यालयांनी निदान अडगळीतला एखादा पंप मुलांना खोलू-जोडू द्यावा.

– पदार्थविज्ञानाचे अध्यापक, विश्रामबाग, सांगली