पावसात हातमोजे काढायला लावणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. थंडीच्या दिवसांत, पहाटेच्या पावसात, एका पेट्रोल पंपाच्या छपराखाली आपली जेमतेम अर्ध्या तासाची भेट झाली. मोटरसायकल उभी केली, पण मला किल्ली फिरवता येईना, कारण ती बोटांच्या चिमटीत आली आहे की नाही हेच कळत नव्हते. आपण ते लांबून पाहिलेत, जवळ येऊन इंजिन बंद केलेत आणि मी ऊब घेण्यासाठी सायलेन्सरकडे हात नेताच माझे मनगट धरलेत. "बधिर हाताला चटका समजत नाही," एवढेच आपण म्हणालात. त्या क्षणी आपण मला थांबवले नसते, तर तळहात भाजल्याचे मला बऱ्याच उशिराने कळले असते.

त्यानंतर आपण मला हातमोजे काढायला सांगितलेत आणि मला ते अगदी उलटे वाटले. मी एकावर एक असे दोन जोड घातले होते आणि तरीही हात गारठले याचा अर्थ तिसरा जोड हवा होता, अशी माझी समजूत होती. बाहेरचा जोड आतल्या जोडावर इतका घट्ट बसला होता की तो ओढून काढायला आपल्याला मदत करावी लागली. ऊब कापडाच्या जाडीपेक्षा त्यात अडकून राहिलेल्या स्थिर हवेमुळे टिकते, दोन जोड एकमेकांवर दाबले गेले की ती हवाच निघून जाते आणि वर बोटांचा रक्तपुरवठाही आवळला जातो, हे आपण मला माझ्याच बोटांवर उमटलेले शिवणीचे वळ दाखवून समजावलेत. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षे मोटरसायकल चालवूनही माझ्या लक्षात आली नव्हती.

हात काखेत धरायला लावून आपण पुढे जे विचारलेत, ते मला आजही सर्वांत मोलाचे वाटते. आपण विचारलेत की जाकिटाच्या आत काय घातले आहे आणि गळ्याला काय गुंडाळले आहे. आत एक सुती सदरा होता, गळा उघडा होता, आणि या दोन्हींचा हातांशी काय संबंध, असे मला वाटले. धड थंड पडू लागले की शरीर हृदय, फुप्फुसे यांसारख्या आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि बोटांत स्वतःची उष्णता निर्माण करणारे स्नायू जवळजवळ नसल्यामुळे ती सर्वांत आधी गारठतात. म्हणजे छातीवर वारा घेत मी हात गरम ठेवण्याची धडपड करीत होतो. त्या दिवसापासून मी आधी गळपट्टी आणि छातीवर वारा न शिरू देणारा थर यांची काळजी घेतो, मनगटाजवळ जाकीट आणि हातमोजा यांच्यामध्ये फट राहू देत नाही आणि हातमोज्यांचा विचार त्यानंतर करतो. मनगटावर रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळून जातात. तिथली दोन बोटांची उघडी जागा किती महागात पडते, ते ती झाकल्यावरच कळले.

वाऱ्याचा हिशोब मी नंतर स्वतः मांडून पाहिला. हवामानशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे ५ अंश सेल्सियस तापमानात ताशी ८० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेला सुमारे उणे ३ अंशांसारखा भासतो. हा कोरड्या त्वचेचा हिशोब झाला. माझे हात तर ओले होते. पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते आणि वाऱ्यात सुकतानाही ते त्वचेची उष्णता घेऊन जाते, त्यामुळे ओला हातमोजा कितीही जाड असला तरी त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

पाणी कुठून शिरले, हेही आपणच शोधलेत. हातमोज्याचे रुंद तोंड मी जाकिटाच्या बाहीवरून घेतले होते, त्यामुळे बाहीवरून ओघळणारे पाणी नरसाळ्यात पडावे तसे आत जात होते. आपण बाही वरून घ्यायला सांगितलीत. (ज्यांच्या मोटरसायकलचे हँडल इतके उंच असते की मुठी कोपरांच्या वर राहतात, त्यांना याच्या उलट करावे लागेल, पाणी कोणत्या दिशेने वाहते, ते प्रत्येकाने आपल्या बसण्यावरून पाहावे.) आतला सुती जोड घामानेही ओला झाला होता. सूत ओलावा धरून ठेवते, म्हणून आता आत पातळ लोकरीचा किंवा रेशमाचा थर वापरतो.

निघण्यापूर्वी आपण आपल्या पेटीतला कोरडा, माझ्या मापापेक्षा थोडा मोठा जोड मला दिलात, पण तो घातल्यावर लगेच जाऊ दिले नाहीत. गाडी उभी असतानाच पुढचा ब्रेक आणि क्लच दहा-दहा वेळा दाबायला लावलेत आणि बोटे वेळेवर आवळतात का, ते पाहिलेत. ताशी ८० किलोमीटर वेगाने एका सेकंदात २२ मीटर अंतर मागे पडते, आणि त्या पहाटे मी अशा बोटांनी कितीतरी किलोमीटर आलो होतो, हे आठवले की मला आजही अस्वस्थ वाटते. थंडीने हात दुखतात तोवर मी ते सोसत होतो. दुखणे थांबले तेव्हा बरे वाटू लागले असे समजलो, आणि खरा धोका तिथूनच सुरू झाला होता. आता बोटांना मुंग्या येऊ लागल्या की मी थांबतो, हात खांद्यापासून जोराने गोल फिरवून बोटांकडे रक्त नेतो आणि स्पर्श पूर्ण परत आल्याशिवाय निघत नाही.

यानंतर मी मोटरसायकलला गरम होणाऱ्या मुठी बसवल्या. त्यांची ऊब फक्त तळहाताला मिळते आणि वारा तर बोटांच्या पाठीवर बसतो, म्हणून त्यांच्या जोडीला हँडलवर हातांपुढे ढाली लावल्या, आणि माझ्या मते त्या ढालींचाच उपयोग अधिक झाला. तळव्याला जाड अस्तर असलेला हातमोजा मुठीची ऊब आत येऊच देत नाही, हेही अनुभवाने कळले. कडक थंडीत हँडलवर चढवायचे मोठे खोळ दिसायला ओबडधोबड असतात, पण वारा आणि पाऊस दोन्ही अडवतात आणि आत पातळ हातमोजा पुरतो. हात त्यातून चटकन बाहेर येतो की नाही, एवढे मात्र आधी तपासून घ्यावे लागते.

आपला जोड अजून माझ्याकडे आहे. घरी आल्यावर तो हीटरवर न ठेवता, आत कागद भरून, सावलीत सुकवला, कारण थेट उष्णतेने त्याचे चामडे कडक झाले असते. डाव्या अंगठ्याजवळची शिवण थोडी उसवली होती. ती पुन्हा घालून घेतली आहे आणि आतून पाणी न शिरणारी पट्टीही चिकटवली आहे. हे पत्र आपल्या नजरेस पडले, तर कृपया कळवावे. जोड मी स्वतः आणून देईन.

आपला ऋणी,
त्या पहाटेचा एक मोटरसायकलस्वार