फवारणीआधी पीक बघायला शिकवणाऱ्या मॅडमना जाहीर आभार पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

कृषी सहायक म्हणून आपण आमच्या भागात होता तोवर आभार मानायचे राहून गेले; आता आपली बदली झाल्यावर ते जाहीरपणे मानत आहे. कोरेगाव तालुक्यात पॉलिहाऊसमध्ये जरबेरा हे फुलपीक घेणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांना कोणते औषध मारायचे हे सांगण्याआधी आपण पीक कसे बघायचे ते शिकवले, आणि माझ्या मते त्याचेच मोल सर्वांत अधिक आहे.

उमललेले फूल आपण पांढऱ्या कागदावर हलकेच झटकले, तेव्हा पाकळ्यांच्या बुडाशी दडलेले, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे पिवळसर फुलकिडे कागदावर धावू लागले. पाकळ्यांवर पांढरे ओरखडे उठायला अजून अवकाश होता. ओरखडे उठलेल्या फुलाला बाजारात भाव मिळत नाही, त्यामुळे ते आधी कळणे हाच सगळा फायदा. फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढरी माशी व नागअळीच्या माश्यांसाठी पिवळे चिकट सापळे, तेही पिकाच्या शेंड्याच्या किंचित वर लावायचे, हे आपण प्रत्येक पॉलिहाऊसमध्ये स्वतः उभे राहून करून घेतले. मात्र केवळ सापळ्यांवर विसंबू नका, असेही आपण बजावले होते. पानांतला रस शोषणाऱ्या सूक्ष्म लाल कोळीला पंख नसल्याने तो सापळ्यावर येत नाही आणि उन्हाळ्यात तापमान 30 अंशांच्या आसपास गेले की त्याची एक पिढी साधारण आठवड्यात पूर्ण होते. म्हणून पान उलटून 10 पट भिंगाने खालची बाजू तपासणे, विशेषतः दाराजवळच्या आणि कडेच्या बेडवर, आता आमच्या अंगवळणी पडले आहे.

कोणत्या बेडवर काय दिसले याची नोंद ठेवल्यामुळे आसपासच्या कांद्याची काढणी सुरू झाली की फुलकिडे कोणत्या बाजूने आत येतात हे कळू लागले. त्यामुळे बऱ्याचदा तेवढ्याच बेडवर फवारणी करून भागते, आणि पुढच्या वेळी वेगळ्या रासायनिक गटातले औषध निवडताना मागची नोंद समोर असते. झाड कोमेजताच त्याचा गड्डा, म्हणजे जिथून पाने-फुले फुटतात तो भाग, मातीत दबला आहे का, कुजला आहे का, हे पाहण्याची सवयही आपणच लावली.

सर्वांत अधिक आभार एका वेगळ्या गोष्टीसाठी. रोज सकाळी देठ हलकेच पिळून फुले ओढणाऱ्या महिलांच्या नजरेखालून प्रत्येक झाड जाते, हे ओळखून आपण भिंग आणि नोंदवही मालकाऐवजी त्यांच्या हाती दिली. सुरुवातीला संकोचणाऱ्या त्या मावशी आज संशयित बेडला लाल फीत बांधून मगच फुले मोजायला बसतात. नवी लागवड लवकरच होणार आहे. सवड काढून आपण एकदा यावे आणि त्यांच्या नोंदी पाहाव्यात, ही त्यांच्यासह आम्हा सर्वांची विनंती.

आपला कृतज्ञ,
एक जरबेरा उत्पादक,
ता. कोरेगाव, जि. सातारा