काळ्या प्लास्टिकचा रंग ‘कायमचा’ परत आणणाऱ्या ट्रिम रिस्टोररबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ट्रिम रिस्टोररच्या बाटलीवरील चुकीचे दावे, त्यामुळे काचेचे व रंगाचे झालेले नुकसान, आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे ट्रिम रिस्टोरर, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या विटलेल्या काळ्या प्लास्टिकला लावायचे द्रावण, मी बाटलीवरच्या मजकुरावर विश्वास ठेवून घेतले. विटलेल्या प्लास्टिकचा मूळ काळा रंग कायमचा परत येतो, हे तेल नसून प्लास्टिकशी एकजीव होणारे कोटिंग आहे, आणि पावसाचा किंवा गाडी धुण्याचा त्यावर परिणाम होत नाही, असे त्यावर ठळक अक्षरांत छापले आहे. यातले एकही विधान माझ्या गाडीवर खरे ठरले नाही. आपल्या ग्राहक सेवेला मी आधी कळवले होते. त्यांच्याकडून आलेली उत्तरे मूळ तक्रारीपेक्षाही गंभीर वाटली, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

लावताना काय केले ते आधी सांगतो, कारण आपल्या पहिल्या उत्तरात ‘पृष्ठभाग नीट साफ केलेला नसावा’ एवढेच म्हटले होते. बंपरचा खालचा काळा भाग, चाकांच्या कमानीवरचे क्लॅडिंग (बॉडीवर बसवलेली प्लास्टिकची पट्टी), आरशांचे बूड आणि पुढच्या काचेखालची वायपरची जाळी हे सगळे मी शॅम्पूने धुतले. दाणेदार पोतात जुने वॅक्स पांढरे होऊन अडकलेले असते, ते क्लीनर आणि मऊ ब्रशने काढले. पूर्ण वाळू दिले. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतले आणि रंगाच्या कडांना मास्किंग टेप लावली. सावलीत, प्लास्टिक हाताला गार लागत असताना, स्पंजने पातळ थर दिला आणि जास्तीचे द्रावण मायक्रोफायबरने टिपून घेतले. बाटलीवर सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ गाडी पाण्यापासून दूर ठेवली. आपल्या सूचनांमध्ये अल्कोहोलचा तर उल्लेखही नाही. म्हणजे साफसफाई आपण सांगितली त्यापेक्षा जास्तच झाली होती.

पहिल्या दिवशी प्लास्टिक सुंदर काळे दिसले, हे मी मान्य करतो. पण पहिल्याच जोरदार पावसानंतर आरशांच्या बुडापासून दरवाज्यावर तेलकट ओघळ उतरले. क्लॅडिंगवर जिथे पाणी वाहिले तिथे राखाडी पट्टे आणि जिथे नाही तिथे काळे, असे चट्टे पडले. त्यानंतर साध्या शॅम्पूने धुतल्यावर उरलेला काळेपणाही गेला. बंपरवर मात्र जे काही शिल्लक होते त्यावर धूळ चिकटून बसली.

माझे रोजचे काम प्लास्टिक मोल्डिंगचे आहे. गाडीच्या बाहेरचे हे काळे भाग ज्या पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे करतात, ते मी वर्षानुवर्षे हाताळत आलो आहे. त्यात लवचीकपणासाठी रबर आणि कडकपणासाठी टाल्कची भुकटी मिसळलेली असते. काळा रंग वरून मारलेला नसतो, कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी भुकटी, मालातच घातलेला असतो. म्हणूनच या भागांवर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसतो आणि बॉडीचे पॉलिश इथे उपयोगी पडत नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत ठरावीक अंतराने एक हायड्रोजन सैल धरलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांची ऊर्जा आणि हवेतला ऑक्सिजन यांचा मारा तिथे होतो, साखळ्या तुटतात आणि वरचा पातळ थर ठिसूळ होतो. हे टाळायला मालात स्थिरक घातलेले असतात, पण तेही हळूहळू खर्च होतात. मग पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि टाल्कचे कण उघडे होतात. प्रकाश या भेगांत विखुरतो आणि प्लास्टिक पांढुरके दिसते. कार्बन ब्लॅक मात्र आत जवळजवळ जसाच्या तसा असतो.

हे लांबलचक सांगण्याचे कारण आपली जाहिरात आहे. विटलेल्या बंपरवर कापड फिरते आणि एका क्षणात तो काळाभोर होतो, हे दृश्य आपण पुरावा म्हणून दाखवता. वाळलेली फरशी पाणी पडताच गडद होते, तसेच हे आहे. भेगांमध्ये हवेऐवजी कोणताही द्रव भरला की प्रकाश कमी विखुरतो आणि आतला काळा रंग वर दिसतो. विटलेले क्लॅडिंग नुसत्या ओल्या फडक्याने पुसले तरी ते वाळेपर्यंत काळे दिसते. तेव्हा लावल्या लावल्या काळे दिसण्यावरून आपल्या उत्पादनाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ऊन, पाऊस आणि शॅम्पू यांना तोंड दिल्यावर काय उरते, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे एकही छायाचित्र आपल्या माहितीपत्रकात नाही.

आपला माल कोटिंग आहे की तेल, याची परीक्षा मी स्वतः केली. मागच्या क्लॅडिंगचा एक भाग टेपने वेगळा करून त्यावर ताजा थर दिला, शेजारचा भाग तसाच ठेवला. थर पक्का व्हायला बाटलीवर दिलेला वेळ उलटल्यावर अल्कोहोलने भिजवलेले पांढरे सुती कापड दोन्हीकडे सारखेच फिरवले. लेप दिलेल्या भागावरून कापड बुळबुळीत होऊन आले आणि खालचे प्लास्टिक पुन्हा राखाडी दिसू लागले. पक्के होणारे कोटिंग, मग ते सिलिकावर आधारलेले असो वा इतर कोणत्या रेझिनचे, एकदा कडक झाल्यावर अल्कोहोलच्या एका पुसण्याने निघत नाही. निघाले ते सिलिकॉन तेलासारखे ड्रेसिंग, म्हणजे वरवर बसणारा तेलकट लेप, होते. पॉलिप्रॉपिलीनवर तर खरे कोटिंग टिकवणेही सोपे नसते. याचा पृष्ठभाग मेणासारखा अलिप्त असतो, त्यावर सहजासहजी काही धरत नाही. कारखान्यात बंपर रंगवण्याआधी त्यावर ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर देतात, ते याचसाठी. आपल्या बाटलीसोबत प्रायमर नाही, त्याची गरज का नाही याचे स्पष्टीकरणही नाही, तरी ‘एकजीव होते’ असे आपण बिनदिक्कत छापता.

तेलकट ड्रेसिंग ही वाईट वस्तू आहे असे माझे म्हणणे नाही. लावायला सोपे, पुन्हा पुन्हा लावता येणारे आणि काही आठवडे बरे दिसणारे म्हणून कोणी ते विकत असेल तर त्यात गैर काही नाही. ज्याला तेवढेच हवे तो ते आनंदाने घेईल. आपण ते कायमचे म्हणून विकले, ही माझी तक्रार आहे.

सर्वांत जास्त राग मला पुढच्या काचेचा आहे. वायपरच्या जाळीला आपले द्रावण लावा, असे बाटलीवरच्या चित्रात दाखवले आहे. पावसात ते तिथून काचेवर आले आणि वायपरने ते पूर्ण काचेवर पसरवले. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्या थरावर असे फुटत होते की रस्त्याची कड दिसत नव्हती. वायपरचे रबरही त्या चिकटपणाने थरथरू लागले आणि शेवटी बदलावे लागले. काच साफ करायला काच-पॉलिशने घासत बसावे लागले. गाडी त्या रात्री माझ्या घरातली दुसरी व्यक्ती चालवत होती. शोभेची वस्तू म्हणून विकलेल्या बाटलीमुळे चालवणाऱ्याला रस्ता दिसेनासा होतो, आणि बाटलीवर काचेबद्दल इशाऱ्याची एक ओळही नाही, हे मला अक्षम्य वाटते.

दरवाज्यावरच्या ओघळांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दरवाज्याची खालची बाजू आणि बंपरचा वरचा भाग रंगवून घ्यायचा होता. रंगारी पाहताक्षणी म्हणाला, आधी हे सिलिकॉन निघाले पाहिजे. त्याचे बरोबर आहे. सिलिकॉनचा अंश राहिला तर ताजा रंग तिथून मागे सरकतो आणि खळग्यांसारखे फिश आय पडतात, मग सगळे घासून पुन्हा रंगवावे लागते. त्यामुळे डिग्रीजिंगचे, म्हणजे तेलकट अंश काढून टाकण्याचे, जादा काम माझ्या माथी आले. आपल्या बाटलीवर ‘सिलिकॉनविरहित’ असे लिहिले आहे. ते कोणत्या आधारावर लिहिले, ते मला चाचणीच्या कागदासह कळवावे.

आता आपल्या दुसऱ्या उत्तराबद्दल. साफसफाईचे छायाचित्र पाठवल्यावर आपल्या प्रतिनिधीने लिहिले की द्रावण लावण्याआधी प्लास्टिकवर हीट गन (तापलेली हवा सोडणारे हातातले यंत्र) फिरवा, म्हणजे आतले तेल वर येते आणि रंग परत येतो. हा सल्ला कंपनीच्या नावाने ग्राहकाला देणे ताबडतोब थांबवा. पॉलिप्रॉपिलीन सुमारे 160 ते 165 अंश सेल्सिअसला वितळते आणि हीट गनची हवा सहज त्याच्या तिप्पट तापू शकते. त्यात वर येते ते आतले कोणते तेल नव्हे. वरचा थर वितळून भेगा बुजतात, म्हणून प्लास्टिक काळे दिसते. खर्च झालेले स्थिरक त्याने परत येत नाहीत, त्यामुळे ऊन लागताच तो भाग पुन्हा विटतो. हात जरा एका जागी थांबला तर दाणेदार पोत सपाट होऊन चकाकणारा डाग पडतो, आणि तो कशानेच जात नाही. बंपरच्या मागे क्लिपा, वायरी आणि पार्किंग सेन्सर असतात, शेजारी बॉडीचा रंग असतो. ज्याने कधी हीट गन हातात धरली नाही अशा माणसाला हे दोन ओळींच्या संदेशात सुचवणे धोक्याचे आहे. आणि ज्या मालाला आधी आगीची मदत लागते, तो ‘पुसा आणि विसरा’ म्हणून विकता येत नाही.

मला आपल्याकडून पुढील गोष्टी हव्या आहेत. बाटलीची पूर्ण रक्कम परत द्यावी आणि वायपरचे रबर व दरवाज्याच्या डिग्रीजिंगचा खर्च भरून द्यावा. दोन्हींची बिले सोबत जोडली आहेत. कूपन, सवलत किंवा त्याच मालाची दुसरी बाटली मी स्वीकारणार नाही. याच्या जोडीने बाटलीवरचा मजकूर बदलावा : हे ड्रेसिंग आहे असे स्पष्ट लिहावे, पुन्हा कधी लावावे लागेल ते सांगावे, काच, वायपरची जाळी, ब्रेक आणि टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागापासून दूर ठेवण्याचा इशारा द्यावा, आणि रंगकामाआधी ते पूर्ण काढणे आवश्यक आहे हेही छापावे. ‘कायमचे’ आणि ‘सिलिकॉनविरहित’ हे दोन्ही दावे, पुरावा नसेल तर, काढून टाकावेत. मी फसलो ते झाले, पण दुकानातल्या फळीवर आजही त्याच मजकुराच्या बाटल्या उभ्या आहेत आणि त्या घेणाऱ्याला काचेबद्दल कोणी सांगणार नाही.

उरलेले द्रावण बाटलीसह मी जपून ठेवले आहे. बॅच क्रमांक छायाचित्रात स्पष्ट दिसतो. आपल्या तांत्रिक विभागातील जाणकाराने येऊन गाडीवरच चाचणी करायची असेल तर मी तयार आहे. टेप लावून ठेवलेला भाग मी अजून तसाच ठेवला आहे. फक्त ती चाचणी पुसून लगेच फोटो काढण्याची नसावी, धुतल्यानंतरची असावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. फोनवरचे आश्वासन पुरेसे नाही. उत्तर न आल्यास हेच पत्र सर्व कागदांसह ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाखल करीन.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीचे बिल, वायपर रबर व डिग्रीजिंगची बिले, पावसानंतरच्या ओघळांची, काचेची व टेप लावून केलेल्या चाचणीची छायाचित्रे, ग्राहक सेवेकडून आलेल्या दोन्ही उत्तरांच्या प्रती.